कुलूप लागलं, पण किल्ली कुठे ठेवली?

गावाकडचा पेशंट मुंबईला न्यायचा म्हटलं, की घरात एक पिशवी वेगळी भरली जाते. एक्स-रेची मोठी पाकिटं, सोनोग्राफीचे फोटो, रक्ताचे रिपोर्ट, तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी. एसटीत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळला केईएम नाहीतर टाटा हॉस्पिटलच्या रांगेत ही पिशवी बहुतेक वेळा घरातल्या बाईच्याच मांडीवर असते. पेशंटची बायको, आई, सून नाहीतर बहीण. झोपतानाही ती उशाशी घेते. कागद हरवले तर उपचार अडतील ही एक काळजी. दुसरी काळजी ती बोलून दाखवत नाही. हे कागद भलत्याच्या हाती पडले तर? मुलीचं लग्न जमवायचंय, आणि गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही.

आता त्या पिशवीतलं बरंच काही मोबाइलमध्ये आलंय. टाटाचे रिपोर्ट केस नंबर घालून ऑनलाइन बघता येतात. टाटा मेमोरिअल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत घरबसल्या मिळवून देणारी 'नव्या'सारखी सेवा आहे. गावातली लॅबसुद्धा रिपोर्टची लिंक पाठवते. कुठेतरी 'फाइल अपलोड करा' असं बटण येतं, आपण ते दाबतो, पट्टी सरकत सरकत पूर्ण होते आणि 'फाइल मिळाली' असा निरोप दिसतो. हायसं वाटतं.

पण मैत्रिणींनो, ती फाइल गेली कुठे? तिथे ती उघडी पडलीय की कुलपात आहे? आणि कुलपात असेल, तर किल्ली कुणाच्या कनवटीला आहे?

रस्ता सुरक्षित, गोदामाचं काय?

वेबसाइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' अशी अक्षरं असतात. त्याच्या शेजारी कुलपाचं छोटं चित्र दिसायचं, अजूनही काही ठिकाणी दिसतं. गुगलने क्रोममधून ते चित्र २०२३ मध्ये काढून टाकलं. कारण मोठं मजेशीर होतं. कुलूप दिसलं म्हणजे ही साइट भरवशाची, असा लोकांनी समज करून घेतला होता. खरं तर त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या मोबाइलपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंतच्या रस्त्यात तुमची फाइल कुणाला वाचता येणार नाही. बंद टेम्पोतून सामान नेल्यासारखं. टेम्पो गोदामाशी पोचला की त्याचं काम संपलं. पुढे माल कपाटात ठेवला की अंगणात टाकला, ते टेम्पोवाल्याच्या हातात नसतं.

हे गोदाम म्हणजे सर्व्हर. रात्रंदिवस चालू असणारा दुसऱ्याचा मोठा कॉम्प्युटर. आणि आपण जिथे बटण दाबतो ते वेब अॅप्लिकेशन म्हणजे खिडकीवरचा कारकून. तो फाइल घेतो आणि आत नेऊन ठेवतो. जशीच्या तशी ठेवली, तर आत शिरलेला कुणीही ती वाचू शकतो. त्यात बाहेरचा हॅकर आला, नोकरी सोडून गेलेला माणूस आला, दुरुस्तीला आलेलाही आला.

मुंबईत हे घडून गेलंय. २०१६ च्या डिसेंबरात इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे हजारो पेशंटचे रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडल्याचं जगासमोर आलं. ऑस्ट्रेलियातले संगणक-सुरक्षेचे जाणकार ट्रॉय हंट यांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. त्या रिपोर्टांवर नावं होती, आणि त्यात एचआयव्हीच्या तपासण्याही होत्या. कुणी तिजोरी फोडली नव्हती. फाइल उघड्या फोल्डरमध्ये होत्या, सर्च इंजिनलाही सापडत होत्या. ज्यांचे ते रिपोर्ट, त्यातल्या कितीतरी जणींना ही बातमी वाचूनही कळलं नसेल की यात आपलाही कागद आहे!

लालबागचा कारखाना आणि गणिती कुलूप

कुलपाचा विषय निघाला की लालबागला विसरून कसं चालेल? मुंबईत घरफोड्या वाढल्याच्या बातम्या वाचून, वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला एका शेडमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. पुढे तिजोऱ्या आल्या. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत जहाजाचा भीषण स्फोट झाला, त्या आगीतूनही गोदरेजच्या तिजोऱ्यांमधला ऐवज शाबूत निघाल्याचं सांगतात. आपल्या आई-आजीच्या कपाटावरचं ते नाव असं लालबागचं आहे.

चांगल्या कुलपाचा एक गुण असतो. त्याची रचना सगळ्या जगाला ठाऊक असली तरी बिघडत नाही, किल्ली तेवढी आपल्याकडे हवी. फाइलला लावायच्या कुलपाचंही तसंच आहे. त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. गणिताची एक रीत वापरून फाइलमधला मजकूर असा काही ढवळून टाकायचा, की किल्ली नसलेल्याला तिथे नुसता अक्षरांचा काला दिसावा. आज सर्वात जास्त वापरात असलेली रीत 'एईएस' नावाची. बेल्जियमच्या दोन संशोधकांनी ती तयार केली, खुल्या स्पर्धेत जगभरच्या गणितज्ञांनी ती फोडायचा प्रयत्न केला, आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संस्थेने ती प्रमाण म्हणून जाहीर केली. रीत कुणालाही वाचता येते. पण मोठ्या किल्लीच्या शक्यता इतक्या, की तो आकडा लिहायचा तर ७८ अंक लिहावे लागतील. एकेक किल्ली लावून बघत बसलं, तर जन्म काय, युगं पुरायची नाहीत.

म्हणून शहाणा चोर कुलपाच्या नादी लागतच नाही. तो किल्ली शोधतो.

कुंडीखालची किल्ली

फाइलला कुलूप साधारण तीन ठिकाणी लावता येतं, आणि तिन्हींची कामं वेगळी आहेत.

पहिलं, सगळ्या डिस्कला एकच कुलूप. म्हणजे गोदामाच्या मुख्य दाराला. कुणी डिस्क काढून पळवली तर तिचा उपयोग शून्य. पण गोदाम चालू असताना दार उघडलेलंच असतं. आत शिरलेल्याला हे कुलूप अडवत नाही.

दुसरं, कारकुनाने म्हणजे वेब अॅप्लिकेशनने प्रत्येक फाइल ठेवण्याआधी तिला स्वतंत्र कुलूप लावायचं. हे जास्त चांगलं. मात्र इथेच घोटाळा होतो. घाईत काम उरकणारे लोक किल्लीही त्याच सर्व्हरवर, फाइलच्या शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवून मोकळे होतात. आपण दाराला कुलूप लावून किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवतो ना, तसंच. घरच्यांना ठाऊक, शेजारणीला ठाऊक, आणि चोरालाही पहिली जागा तीच सुचते.

नीट काम करणारे लोक किल्ली दुसऱ्याच मशीनवर ठेवतात. बँकेचा लॉकर आठवा. दोन किल्ल्या लागतात, एक आपली, एक बँकेची. एकटी किल्ली चोरून लॉकर उघडत नाही. इथेही प्रत्येक फाइलची एक छोटी किल्ली असते, आणि त्या सगळ्या छोट्या किल्ल्या एका मोठ्या किल्लीने बंद केलेल्या असतात. मोठी किल्ली वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांच्या ताब्यात. कोणी, कधी, कोणती फाइल उघडली याची नोंद होते, ती वेगळीच. त्यामुळे फाइल चोरीला गेल्या तरी चोराच्या हाती नुसता काला लागतो.

तिसरं कुलूप आपल्याच मोबाइलवर, फाइल निघण्याआधी लागतं आणि किल्ली फक्त आपल्याकडे आणि ज्याला पाठवलं त्याच्याकडे राहते. व्हॉट्सअॅपच्या निरोपांना २०१६ पासून असं कुलूप आहे. पण त्याच चॅटचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जातो, त्याला हे कुलूप आपोआप लागेल असं धरून चालू नका. २०२१ पासून तशी सोय आहे, सेटिंगमध्ये जाऊन बघून घ्या. या कुलपाची एक अडचण मात्र लक्षात ठेवा. किल्ली हरवली, तर कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही. बॅकअपचा पासवर्ड विसरलात की गेलं!

आणि एक गोष्ट. कारकूनच विचारपूस न करता ज्याला त्याला फाइल काढून देत असेल, तर तिजोरी कितीही भक्कम असली तरी काय उपयोग? काही ठिकाणी रिपोर्टच्या लिंकमधला शेवटचा आकडा बदलला, की दुसऱ्याचाच रिपोर्ट उघडतो. तिथे एन्क्रिप्शन असलं तरी फुकट. कुलूप आणि ओळख पटवणं, दोन्ही हवीत.

चोरानेच कुलूप लावलं तर?

हीच विद्या उलटीही वापरली जाते. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या 'एम्स'च्या सर्व्हरमध्ये हॅकर शिरले आणि त्यांनी हॉस्पिटलच्या फाइलना आपलं कुलूप ठोकलं. पाच सर्व्हरवरचा मजकूर असा कोंडला गेला. किल्ली चोरांकडे! जवळजवळ दोन आठवडे ओपीडीचे कागद, तपासण्या, दाखले सगळं हाताने लिहून चालवावं लागलं. लांबून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनी ते दिवस कसे काढले असतील, हे रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला सांगायला नको. हॉस्पिटल सावरलं ते कशामुळे? एका वेगळ्या सर्व्हरवर माहितीची प्रत शाबूत होती, तिथून ती परत घेता आली.

म्हणजे कुलूप एवढंच पुरत नाही, दुसरी प्रतही लागते. आपली ती जुनी पिशवी म्हणून टाकून देऊ नका. मूळ कागद घरात असू द्या.

नाव झाकण्याचा हक्क

'एवढं काय लपवायचं त्यात?' असं म्हणणारे घरोघरी भेटतात. त्यांच्यासाठी मुंबईचीच एक गोष्ट. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टात एका कामगाराचा खटला चालला. एचआयव्ही निघाला म्हणून एका सरकारी कंपनीने त्याचं काम काढून घेतलं होतं. माणूस काम करायला धडधाकट असताना केवळ या कारणाने त्याला नाकारता येणार नाही, असं कोर्टाने सांगितलं. आणि त्याचं खरं नाव उघड होऊ दिलं नाही. निकालाच्या कागदावर तो नुसता 'एमएक्स' आहे. त्याच्यावर अन्याय झाला तो एका रिपोर्टमुळे. तो रिपोर्ट आणखी चार जणांना कळला असता तर त्याच्या घरच्यांचं काय झालं असतं, हे न्यायालयाला समजलं होतं.

पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला, सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. अशा रुग्णांची माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ती सुरक्षित ठेवलीच पाहिजे, असं त्यात आहे. आणि २०२३ मध्ये सगळ्यांच्याच खासगी माहितीसाठी डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. सुरक्षेच्या उपायांत एन्क्रिप्शनचं नाव आहे. पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुख्य जबाबदाऱ्या पूर्ण करायला संस्थांना अठरा महिन्यांची मुदत दिली. तोवर आणि त्यानंतरही, विचारणारं कुणीतरी हवंच.

एवढं तरी करूया

* लॅबची लिंक पासवर्डशिवाय, ओटीपीशिवाय उघडत असेल तर तिथल्या तिथे विचारा, 'ही लिंक दुसऱ्या कुणाला मिळाली तर त्यालाही उघडेल का?'
* 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबल्यावर तुमचा जुनाच पासवर्ड लिहून आला, तर समजा तो त्यांच्याकडे उघडा पडलाय. चांगली साइट नवीन पासवर्ड करायला सांगते, जुना तिलाही ठाऊक नसतो.
* रिपोर्टच्या पीडीएफला जन्मतारखेचा पासवर्ड असतो. गावात आपली जन्मतारीख कुणाला ठाऊक नाही? फाइल पुढे पाठवताना पासवर्ड त्याच निरोपात लिहू नका, फोन करून सांगा.
* झेरॉक्सच्या दुकानातून किंवा नेट कॅफेतून अपलोड करावं लागलं, तर काम झाल्यावर फाइल आपल्या डोळ्यांदेखत पुसायला लावा. 'डाउनलोड्स' आणि 'रिसायकल बिन' दोन्ही बघा. लॉगआउट करा. सर्व्हरवरच्या कुलपाचा काही उपयोग नाही, जर तीच फाइल दुकानाच्या कॉम्प्युटरवर उघडी राहिली.
* नातेवाइकांच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकू नका. डॉक्टरांना दाखवायचा तर डॉक्टरांनाच पाठवा.
* तुमच्या भिशीत, बचत गटात, पतपेढीत सभासदांची आधार कार्डं, पासबुकं कुणी कॉम्प्युटरवर ठेवत असेल, तर हाच प्रश्न तिथेही विचारा, 'फाइलला कुलूप आहे का, आणि किल्ली कुणाकडे आहे?'

हा प्रश्न विचारायला इंजिनीअर असावं लागत नाही. सोनाराकडे दागिना गहाण ठेवताना पावती मागायला, बँकेत लॉकर घेताना दुसरी किल्ली कुणाकडे राहते हे विचारायला आपण कधी लाजलो नाही. काउंटरवरचा मुलगा कदाचित चमकून बघेल, 'मॅडम, सगळं सेफ आहे' म्हणेल. त्यावर हसून म्हणायचं, 'असेलच. पण कसं ते मला सांगणारं कोण आहे, त्यांचं नाव द्या.' दहा जणींनी विचारलं की अकरावीला उत्तर तयार मिळतं.