नोकरी सोडण्याआधी विहीर बघा

शनिवारी संध्याकाळी दिवेआगरच्या आळीतून एक फेरी मारा. माणगाव, म्हसळा, बोर्लीपंचतन करत आलेल्या मुंबई-पुण्याच्या गाड्या घराघरांच्या अंगणात, नारळी-पोफळीखाली उभ्या दिसतील. रविवारी दुपारी त्याच गाड्या परत निघतात तेव्हा काचेवर खाऱ्या वाऱ्याचं पुट, पायाशी वाळू आणि टपावर पाला असतो. गाडीचा मालक कुरकुरत म्हणतो, आता घरी जाऊन धुवायला टाकली पाहिजे.

ती गाडी पनवेलला नाहीतर नवी मुंबईत ज्या दुकानात जाते, तिथे धुणारा पोरगा पुष्कळदा आपल्याच तालुक्यातला असतो. या कामाला आता डिटेलिंग म्हणतात. गाडी नुसती धुवायची नाही, तर आतून-बाहेरून साफ करून, पॉलिश मारून नव्यासारखी करून द्यायची. आजचा लेख त्या पोरासाठी आहे, आणि त्याच्या पैशांची वाट बघणाऱ्या आईवडिलांसाठीही.

चांगली दुकानं आहेत, वाईटही आहेत. वाईट दुकान कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी शटर उघडायचं आणि शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत घरचं नाव काढायचं नाही. दिवसभर पाय पाण्यात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. हातमोजे मागितले तर ‘उद्या आणतो’. रंगावर ओरखडा उमटला की पगारातून कापणार. वर चाकांचे डाग काढायला बिनलेबलाच्या बाटलीतलं ॲसिड. अशा काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते अंगावर सांडलं तर लगेच आग होईलच असं नाही, पण कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं. अशी नोकरी सोडावीशी वाटली तर तुमचं काही चुकलं नाही.

पण सोडायची ती हिशेब करून. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार राजीनामा दिल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा. म्हणून राजीनामा लेखी द्या, त्याची प्रत जवळ ठेवा. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर यूएएन नंबर लिहून घ्या आणि खात्याला आधार, बँक जोडलेली आहे ना ते बघा. मालकाशी भांडून निघू नका. कामाचा दाखला बँकेत दाखवायला उपयोगी पडतो.

आता गावी येऊन काय? दिवेआगरनं हे एकदा करून दाखवलं आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी इथल्या द्रौपदी पाटील यांच्या बागेत खोदताना तांब्याची पेटी निघाली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. माणसं दर्शनाला लोटली. गावानं पडवीत खाटा टाकल्या, मागीलदारी चुली वाढवल्या, आणि घरगुती राहण्या-जेवणाचा धंदा उभा राहिला. सुपारीच्या जोडीला दुसरं उत्पन्न आलं.

पुढचंही विसरू नका. २४ मार्च २०१२ च्या पहाटे मंदिरावर दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले, मुखवटा गेला. २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळानं उभ्या वाड्या आडव्या केल्या. नव्यानं लावलेली पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. नवा मुखवटा बसला तो २३ नोव्हेंबर २०२१ रोजी. पाहुण्यांवर चालणारा धंदा असा चढतो नि उतरतो, आणि ती दोरी आपल्या हातात नसते. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय पगार सोडू नका.

धंद्याचं पंचांगही ध्यानात घ्या. दिवाळी, नाताळ, शनिवार-रविवार आणि मे महिना हे कमाईचे दिवस. मंगळवारी-बुधवारी आळीत शुकशुकाट असतो. मिरग लागला की गाडी धुवायला पाऊसच पुरतो. जूनमध्ये सुरू केलंत तर पागोळ्या मोजत बसाल. ऑक्टोबरमध्ये सुरू करा, म्हणजे आगोटीपर्यंत हातात चार पैसे जमतील. आठवड्यातले मोकळे दिवस आणि पावसाळा भरून काढायला इथल्या मिनीडोअर, विक्रमवाल्यांशी महिन्याचा ठराव करा. त्यांना चमक नको असते, पत्रा गंजायला नको असतो.

आता खरी गोष्ट, पाण्याची. शहरातल्या दुकानात नळ सोडला की काम झालं. इथे पाणी विहिरीचं, आणि तेच वाडीला लागतं. गंमत अशी की गाड्यांची सर्वांत जास्त गर्दी मेमध्ये, आणि विहिरीचा तळही मेमध्येच दिसतो. समुद्राकाठच्या विहिरीतून त्या दिवसांत जास्त उपसा केला तर खारं पाणी आत शिरतं. आज गाडी धुतलीत आणि उद्या वाडी नासली, असा सौदा कुणाला परवडेल?

साधा हिशेब करू. समजा, रबरी नळीतून मिनिटाला १५ लिटर पाणी येतं आणि एका गाडीला २० मिनिटं लागतात. म्हणजे गाडीमागे ३०० लिटर, दहा गाड्यांना ३ हजार लिटर. ठिबकवरच्या पोफळीला उन्हाळ्यात दिवसाला साधारण २० लिटर पाणी लागतं. म्हणजे तुम्ही दीडशे पोफळींचं पाणी रस्त्यावर ओतलंत. तेच काम दाबाच्या पंपानं करा. तो मिनिटाला साधारण ८ लिटर पाणी घेतो. दहा मिनिटांचे ८० लिटर आणि दोन बादल्यांचे ३० लिटर, मिळून ११० लिटर. दहा गाड्या ११०० लिटरमध्ये होतात, म्हणजे ५५ पोफळींच्या पाण्यात. हा आकडा घरच्या विहिरीला मेमध्ये झेपतो का, ते वडिलांना विचारा. शिपणं त्यांनी केलं आहे, त्यांना ठाऊक असतं.

पाणी गोडं आहे का तेही बघा. स्टीलच्या ताटावर थोडं पाणी उन्हात सुकू द्या. पांढरं वर्तुळ राहिलं तर तेच वर्तुळ गिऱ्हाइकाच्या काळ्या गाडीवर उमटणार. मग धुणं सावलीत करायचं आणि पाणी सुकायच्या आत टिपून घ्यायचं. पाणी चवीलाच मचूळ लागत असेल तर त्या विहिरीवर हा धंदा करू नका. मीठ काढायला मीठच लावल्यासारखं होईल.

कामाची रीत तुम्हाला येते, तरी इथल्या वाळूसाठी दोन शब्द. वाळू बसलेल्या रंगावर सुकं फडकं फिरवलं तर ते पॉलिश कागदाचं काम करतं. आधी पाण्यानं वाळू उतरवा, मगच हात लावा. एक बादली साबणाची, दुसरी फडकं खळबळायची, आणि तिच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेले कण परत फडक्याला लागत नाहीत. चाकांचं फडकं अंगाला लावू नका. कपड्यांची पावडर वापरू नका, ती रंगावरचं मेण उतरवते. मीठ खरं लपतं ते गाडीच्या पोटाखाली आणि चाकांच्या कमानीत, तिथे गोडं पाणी पोचलं पाहिजे. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्याला मात्र सरळ सांगा की घालू नका. तिथे पोरंबाळं फिरतात आणि कासवं अंडी घालतात. तुमचं एक गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

धुतलेलं पाणी पाटात सोडायचं नाही. विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला दोन खड्डे बांधा. पहिल्यात वाळू बसते. दुसऱ्यात तेल वर तरंगतं, तेव्हा पाणी तळाकडच्या नळीनं बाहेर काढायचं. तरंगणारं तेल डब्यात भरून ठेवा. पक्कं बांधकाम काढण्याआधी ग्रामपंचायतीत जा आणि जागा सीआरझेडमध्ये येते का ते विचारा.

भांडवलाची घाई नको. सुरुवातीला दुकानही नको. गाड्या रात्रभर अंगणातच उभ्या असतात. सकाळी सहाला बादल्या घेऊन तिथे जा, पाहुणे चहाला उठेपर्यंत गाडी तयार. घरमालकाशी दर आणि त्याचा वाटा आधी ठरवा. पुढे पंप, व्हॅक्यूम घ्यायचा तर मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज तारणाशिवाय मिळतं. त्याहून मोठं काही करायचं तर अलिबागला जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. उद्यम नोंदणी फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आणि हे सगळं करण्याआधी एक करा. येत्या दिवाळीत रजा काढून गावी या. दोन बादल्या, चार फडकी आणि शेजारच्या तीन घरांची परवानगी, एवढ्यावर आठ दिवस काम करून बघा. किती गाड्या मिळाल्या, किती पाणी गेलं, हातात काय राहिलं, ते रोज रात्री वहीत लिहा. रजा संपली की ती वही वडिलांपुढे ठेवा आणि राजीनाम्याचं दोघं मिळून ठरवा.