ज्यावर मत मागितलंच नाही

२३ मे २०१९ रोजी लोकसभेचा निकाल लागला आणि दोनच दिवसांनी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापदायक नऊ दिवस, सुरू झाला. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या होत्या. काँग्रेसच्या वाट्याला राज्यात एकच जागा आली, ती चंद्रपूरची. बाळू धानोरकरांनी केंद्रीय गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांना पाडलं, तेही देशभर मोदी लाट असताना. आठवडा उलटायच्या आत चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला. त्या दिवसांत टपऱ्यांवर बोलायला दोनच विषय होते, अहीर पडले कसे आणि ऊन थांबणार कधी. पहिल्याची उत्तरं तयार होती : जातीची गणितं, दारूबंदी, कापसाचा भाव, कार्यकर्त्यांची नाराजी. दुसऱ्याचं उत्तर कुणी उमेदवाराकडे मागितलं नव्हतं आणि कुणी उमेदवाराने दिलंही नव्हतं. कोळसा खाणवाटपातला गैरव्यवहार संसदेत लावून धरणारा खासदार याच मतदारसंघाचा, म्हणजे हेच अहीर. तरीही कोळसा आणि ऊन यांचा संबंध प्रचारात आला नाही.

तिथपासून २०२५ पर्यंतच्या सहा वर्षांचा हा मागोवा आहे. या काळात चंद्रपूर-गडचिरोलीच्या मतदारांनी दोन लोकसभा आणि दोन विधानसभा पाहिल्या. याच काळात देशाने हवामानाबद्दल मोठमोठे शब्द जगाला दिले. त्या शब्दांचा बराचसा भार याच दोन जिल्ह्यांवर आहे, कारण कोळसाही इथला आणि जंगलही इथलंच.

हवामान आणि वीज या विषयाच्या सगळ्यात जवळ मतदार गेला तो २०१९ च्या ऑक्टोबरात. चंद्रपूर शहरातून किशोर जोरगेवार अपक्ष उभे राहिले. त्यांची मागणी होती, जिल्ह्यातल्या लोकांना २०० युनिट वीज मोफत. मोठ्या फरकाने ते निवडून आले. बाहेरच्यांना ही फुकटेगिरी वाटली. मला ती कधीच तशी वाटली नाही. दुर्गापूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्याला पाणी इरई धरणाचं आणि कोळसा आसपासच्या खाणींचा. आकाश स्वच्छ असलं तरी अंगणात वाळत घातलेल्या धोतरा-लुगड्यांवर बारीक करडी पूड बसते, हे तिथल्या बायका वर्षानुवर्षं झटकत आल्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं होतं. पुढच्याच वर्षी नव्या उद्योगांवर आणि विस्तारावर तात्पुरती बंदी आली, यथावकाश ती उठलीही. ‘राख आमाले अन् लाइट मुंबईले’ ही कुरबुर अशा अनुभवातून येते. ज्याने धूर सोसला त्याला उजेडात वाटा हवा, असं म्हणणारा मतदार हवामान-न्यायाचीच भाषा बोलत होता. अडचण एवढीच की चर्चा वीजबिलापाशी थांबली. कोळसा एक दिवस थांबला तर खाणीतल्या कंत्राटी कामगाराचं, राखेच्या टिप्परवाल्याचं, दुर्गापूर-ऊर्जानगरच्या दुकानदाराचं काय, हा प्रश्न त्या निवडणुकीत कुणी विचारला नाही. नंतरही विचारला नाही.

पुढच्या वर्षी, १८ जून २०२० ला, केंद्राने व्यावसायिक कोळसा खाणींचा लिलाव जाहीर केला. ४१ खाणपट्ट्यांच्या यादीत ताडोबाजवळचा बंदरही होता. राज्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी हरकत घेतली आणि बंदर यादीतून वगळला गेला. चंद्रपूरकरांना लोहाऱ्याची आठवण ताजी होती. ताडोबालगतच्या त्या प्रस्तावित खाणीविरुद्ध दहा-अकरा वर्षांपूर्वी शहर रस्त्यावर उतरलं होतं आणि खाण थांबली होती. दोन्ही वेळा लोक जिंकले, पण मतपेटीतून नव्हे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं. त्या दिवाळीत चंद्रपुरात बोलणं चाललं होतं ते नुकत्याच उठलेल्या दारूबंदीचं. गडचिरोलीत छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचं. ग्लासगो फार लांब होतं.

ते जवळ आलं २०२३ मध्ये, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. त्या वर्षी वनसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. दुरुस्तीच्या उद्देशिकेतच २०७० चं लक्ष्य लिहिलं आहे. जंगलांच्या आधारे २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका साठा वाढवण्याचं वचनही त्यात आहे. आणि त्याच कायद्यात नक्षलग्रस्त भागात सार्वजनिक सोयींसाठी पाच हेक्टरपर्यंत, तर सुरक्षेच्या बांधकामांसाठी दहा हेक्टरपर्यंत वनजमिनीला सूट आहे. गडचिरोलीचा माणूस हे दोन्ही भाग एकत्र वाचतो तेव्हा त्याला काय वाटत असेल? त्याआधी २०२२ च्या नियमांनी क्रमही फिरवला होता. २००९ पासून वनजमीन दुसऱ्या वापराकडे वळती करण्याआधी ग्रामसभेची संमती लागत होती. आता आधी केंद्राची मंजुरी, मग वनहक्कांची पूर्तता राज्याने बघायची.

कायदादुरुस्तीचं विधेयक लोकसभेत २६ जुलै २०२३ ला मणिपूरवरच्या गदारोळात, जुजबी चर्चेवर मंजूर झालं. त्या दिवशी सभागृहात चंद्रपूरचा खासदारच नव्हता. बाळू धानोरकरांचं ३० मे रोजी निधन झालं होतं आणि पोटनिवडणूक झालीच नाही. जागा वर्षभर रिकामी राहिली. वाघ, कोळसा आणि सागवान यांच्या या मतदारसंघाचा आवाज नेमका जंगलाचा कायदा बदलताना संसदेत नसावा, ही मला या सहा वर्षांतली सगळ्यात खेदाची गोष्ट वाटते. तिकडे गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात तोडगट्ट्याला माडिया गोंड माणसं मार्चपासून खाणींविरुद्ध ठिय्या देऊन बसली होती. नोव्हेंबरात पोलिसांनी तो मोडला. संसदेतली ती घाई आणि तोडगट्ट्याचे ते महिने यांत मला दुसरी चर्चा अधिक गंभीर वाटते.

१९ एप्रिल २०२४ ला पुन्हा मतदान झालं. मोहफुलांचा हंगाम सरत आलेला, तेंदू तोंडावर. गडचिरोलीच्या बऱ्याच भागांत सुरक्षेसाठी मतदान दुपारी तीनलाच संपतं, म्हणून माणसं पहाटेची फुलं वेचून तशीच केंद्राकडे चालू लागतात. गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं, त्या वेळी राज्यात सर्वाधिक. ४ जूनला निकाल आला. चंद्रपुरात राज्याचे वनमंत्री, भाजपचे सुधीर मुनगंटीवार २ लाख ६० हजार मतांनी पडले, बाळू धानोरकरांच्या पत्नी, काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर जिंकल्या. गडचिरोलीत काँग्रेसच्या नामदेव किरसान यांनी भाजपच्या अशोक नेते यांना हरवलं.

वनमंत्री पडला म्हणून हा जंगलाचा कौल, असं काहींनी लिहिलं. ते खरं मानायला मी तयार नाही. ज्या मंत्र्याच्या काळात २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम झाली, त्याच्या गावोगावच्या मतदारांनी बोलताना सांगितली ती कारणं सोयाबीनचा भाव, संविधान बदलण्याची भीती, धानोरकरांबद्दलची सहानुभूती ही होती. शेताच्या बांधावर येणारा वाघही बोलण्यात होता, पण तो भरपाईच्या रांगेपुरता. आणि सहा महिन्यांत चित्र पालटलं. नोव्हेंबरच्या विधानसभेत लाडकी बहीण योजनेचे पैसे बायकांच्या खात्यात आले होते. दोन जिल्ह्यांतल्या नऊपैकी सात जागा महायुतीने जिंकल्या आणि मुनगंटीवारही बल्लारपुरातून निवडून आले. जूनचा कौल जंगलाचा असेल, तर नोव्हेंबरचा कशाचा म्हणायचा?

खरी चर्चा कशी असते ते पाहायला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे जावं लागतं. ग्रामसभेचे नेते देवाजी तोफा यांचं हे गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, हे तिथलं ब्रीद. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एक माणूस अडला तरी सगळे पुन्हा बसतात. अभ्यासगट आधी विषय शिकतो, मग सभा ठरवते. कोणत्या कूपातला बांबू यंदा तोडायचा नाही, आग कुणी राखायची, हे ज्याला ठरवता येतं त्याला कार्बनचा साठा शिकवायला दिल्लीची गरज नाही.

तेंदूचंही तसंच. अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. सत्तर पानांचा पुडा, सकाळी तोडून दुपारी बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, द्यायचा. पंधरवड्याच्या या कामावर घराचं वर्ष चालतं. मे महिन्यात अवेळी पाऊस-गारपीट झाली की पान डागाळतं आणि ठेकेदार पुडा बाजूला काढतो. आणि जंगलात शिरणं जिवावरचं झालं आहे : मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

त्याच वर्षी एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखाणीसाठी ९०० हेक्टरहून अधिक वनजमीन वळती करायला केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. लाखाहून अधिक झाडं जाणार आहेत. २०२२ ची जनसुनावणी खाणीपाशी नाही, दूर गडचिरोलीला झाली होती. एटापल्ली-चामोर्शीतल्या पोरांना मात्र खाणीत आणि कोनसरीच्या कारखान्यात महिन्याचा पगार दिसतो, आणि घराघरांत बाप-लेकाचं यावरून वाजतं. त्या पोरांना मी दोष देणार नाही. दहा-बारा हजारांसाठी हैदराबादला जायचं नसेल तर त्यांच्यापुढे दुसरं काय ठेवलं आहे? देशाचं कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेलं, आणि २०२५ मध्येच विजेच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म झाला. दोन्ही बातम्या अभिमानाने सांगितल्या गेल्या. या दोन्हींमध्ये आपला जिल्हा कुठे बसतो, हे मतदाराला कुणी सांगितलं नाही.

म्हणून पुढचा उमेदवार दारात येईल तेव्हा सोयाबीनचा भाव विचाराच, लाडक्या बहिणीचे हप्तेही विचारा. पण ग्रामसभेच्या संमतीआधी जंगल वळतं होऊ देणार नाही आणि कोळसा संपल्यावर इथल्या कामगाराला काय देणार, हे दोन मुद्दे त्याच्याकडून सभेत, सगळ्यांसमोर, लेखी घ्या. लेखी देत नसेल तर त्याला मत देऊ नका.