घरचा कचरा, लेखांक ७ : वीस फडक्यांची चळत

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा ही गावं ओलांडत जातो. महापालिकेचा घनकचरा प्रकल्प उत्तनच्या धावगी डोंगरावर. त्यामुळे शहर काय नि किती टाकतं, हे राईकरांना आकडे देऊन सांगायला नको.

मागच्या लेखात ओला-सुका वेगळा करताना एक वस्तू मुद्दाम बाजूला ठेवली होती : ओट्यावरचा टिश्यू रोल. आमटी पुसली की तो रद्दीवाल्याच्या कामाचा उरत नाही. भिजल्यावर विरघळू नये म्हणून त्याच्या लगद्यात रेझिन घालतात, तेच पुन्हा लगदा करताना आड येतं. त्यात खरकटं लागलेलं.

फिलाडेल्फियाच्या स्कॉट कंपनीनं १९०७ साली कागदी टॉवेल आणले ते हात पुसायला. स्वयंपाकघरात ते नंतर शिरले. माझ्या मते त्यांची खरी ताकद टिपण्यात नाही, दर वेळी कोरा तुकडा हाती येण्यात आहे. आपल्याकडे ओट्यावर एकच मसोतं. त्यानंच ओटा, त्यानंच गरम पातेलं, त्यानंच ओले हात. संध्याकाळपर्यंत त्याला वास सुटतो. मग सून रोल आणते, आणि तिचं काही चुकत नाही. म्हणून शिवायचीच तर वीसेक फडकी एकदम शिवा.

कापड घरातलंच घ्या. फडकी शिवायला नवा कापूस विकत घेतला तर त्याच्या शेतीला लागलेलं पाणीही आपल्या हिशेबात येतं. जुने टॉवेल, पंचे, मऊ पडलेली सुती साडी, मांजरपाटाचा उरलेला तुकडा चालेल. शंका असेल तर पाण्याचा थेंब टाका : सुती कापड तो पटकन पितं, पॉलिएस्टरवर बराच वेळ रेंगाळतो. सगळ्यांत जास्त टिपतो तो सोलापुरी टॉवेलसारखा फाशांचा कपडा. त्याला मागावर दोन ताणे असतात, एक ताठ नि एक सैल. सैल ताण्याचे फासे वर उभे राहतात आणि पाणी धरायला कितीतरी जास्त धागा मिळतो. कोरं कापड असेल तर आधी धुवा. खळ निघते आणि आटायचं ते कापण्याआधीच आटतं.

माप दहा इंच चौरस. मांजरपाटाला कातरीनं छेद देऊन फाडा, धाग्याच्या रेषेत सरळ फाटतो. त्याची कड दोनदा दुमडून धावदोरा घातला तरी पुरे, मशीन नसलं म्हणून अडत नाही. टॉवेलची कड मात्र दुमडू नका, जाडीत सुई अडते. सोळा नंबरची सुई, टाका जरा मोठा, कडेनं झिगझॅग. तो जमत नसेल तर जुन्या साडीच्या पट्टीची पायपिंग लावा. दोन पदर जोडून शिवायचा मोह होतो, पण खाडीकाठच्या दमट हवेत आषाढात असलं फडकं वाळता वाळत नाही. एकच पदर ठेवा.

बोंबील-कोळंबीची फडकी वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवा आणि आधी गार पाण्यात खळबळा. गरम पाण्यानं मासळीचं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, घाबरू नका, उन्हात उडतो. कपडे मऊ करणारं द्रव्य मात्र घालू नका, त्याचा थर बसला की फडकं टिपेनासं होतं. भज्यांचं तेल निथळायला फडकं नको, वर्तमानपत्र तर नकोच (शाई अन्नात उतरते). पातेल्यावर जाळीची चाळण ठेवा.

फडकं विरलं की खताच्या टोपलीत टाकता येतं, पण एक अडचण आहे. शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो कुजत नाही. कडा आधी कापून काढा आणि मधला सुती भाग बारीक करून टाका. सुती रिळानं शिवलं असेल तर कडाही कापायला नकोत.