छंदासाठी व्हिडिओ संकलन : घरगुती सॉफ्टवेअर की व्यावसायिक?

व्हिडिओ संकलनाचे सॉफ्टवेअर मूळ चित्रणाला हात लावत नाही. फोनमधून किंवा कॅमेऱ्यातून आलेली फाइल डिस्कवर जशीच्या तशी राहते. कोणत्या फाइलमधला कोणता तुकडा घ्यायचा, तो कुठे लावायचा, त्यावर कोणता आवाज आणि कोणती अक्षरे चढवायची, याची फक्त नोंद सॉफ्टवेअर ठेवते. एक्स्पोर्टची आज्ञा मिळाली की या नोंदींवरून नवी फाइल तयार होते. विंडोजबरोबर येणारे साधे ‘क्लिपचॅम्प’ असो वा हॉलिवूडमध्ये वापरले जाणारे ‘ॲव्हिड मीडिया कंपोझर’, आत चालते ते हेच. फरक निर्णय कोण घेतो यात असतो. घरगुती सॉफ्टवेअर बरेचसे निर्णय परस्पर घेऊन मोकळे होते. व्यावसायिक सॉफ्टवेअर तेच निर्णय वापरणाऱ्यापुढे ठेवते आणि उत्तराची वाट पाहते.

मीडिया कंपोझर १९८९ मध्ये आले, ‘ॲडोबी प्रीमियर’ १९९१ मध्ये. सुरुवातीच्या काळात संगणकावर संकलन करण्याचा खर्च स्टुडिओ आणि वाहिन्यांनाच परवडत असे. १९९९ मध्ये ॲपलने एकाच वर्षात दोन सॉफ्टवेअर बाजारात आणली : व्यावसायिकांसाठी ‘फायनल कट प्रो’ आणि घरोघरच्या कॅमेऱ्यांसाठी ‘आयमूव्ही’. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टचे ‘मूव्ही मेकर’ आले आणि २००४ मध्ये ॲडोबीने प्रीमियरची सोपी आवृत्ती ‘एलिमेंट्स’ या नावाने काढली. घरगुती आणि व्यावसायिक असे दोन वेगळे गट तेव्हापासून रूढ झाले, आणि त्यांना वेगळे ठेवणारी मुख्य गोष्ट किंमत होती.

ती भिंत २०११ नंतर ढासळली. त्या वर्षी फायनल कटची नवी आवृत्ती सुमारे ३०० डॉलरला मिळू लागली. त्याच वर्षी रंगदुरुस्तीच्या क्षेत्रातले नावाजलेले ‘दाविंची रिझॉल्व्ह’ फुकट आवृत्तीत उपलब्ध झाले. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीने २००९ मध्ये ते विकत घेतले होते. पुढे त्यात संकलन, ध्वनी आणि दृश्यपरिणाम या विभागांची भर पडली आणि २०१७ मध्ये सशुल्क आवृत्तीची किंमत ९९५ डॉलरवरून २९९ वर आली. व्यावसायिक म्हणजे महाग हे समीकरण तेव्हापासून मोडले आहे. आज हौशी संकलकाला खरी किंमत वेळेची मोजावी लागते.

चित्रपटाचा दर्जा सॉफ्टवेअरच्या वर्गावर ठरत नाही, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. जोनाथन कॉवेट या अमेरिकी दिग्दर्शकाने ‘टार्नेशन’ हा आत्मचरित्रात्मक माहितीपट आयमूव्हीवर जुळवला आणि तो २००४ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत दाखवला गेला. दुसरीकडे, २०१९ च्या ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटाचे संकलन ‘फायनल कट प्रो ७’ वर झाले. ॲपलने ही आवृत्ती कित्येक वर्षांपूर्वीच बंद केली होती. त्या चित्रपटाला ऑस्करमध्ये संकलनाचे नामांकन मिळाले. संकलकाचा हात ज्या अवजारावर बसलेला असतो, ते अवजार त्याच्यासाठी चांगले.

मग व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये जास्तीचे असते तरी काय? हौशी माणसाला सर्वांत आधी जाणवणारी गोष्ट म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचे संकलन. एकांकिकेचा प्रयोग, शाळेचे स्नेहसंमेलन किंवा गाण्याची मैफल दोन-तीन कॅमेऱ्यांनी टिपली असेल, तर सगळी चित्रणे आवाजाच्या आधारे एकमेकांशी जुळवून घ्यायची आणि प्रयोग सुरू असल्यासारखे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायचे, ही सोय रिझॉल्व्ह, प्रीमियर आणि फायनल कटमध्ये आहे. आयमूव्हीत मुख्य चित्राच्या वर एकच जादा थर चढवता येतो. तिथे तीन कॅमेऱ्यांचे नाटक जुळवणे म्हणजे हाल. केवळ या एका गरजेपोटी वरच्या वर्गात जाणे पूर्णपणे समर्थनीय आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. साध्या चित्रणात तांबडा, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, त्याला आठ बिट म्हणतात. दहा बिट चित्रणात त्याच १,०२४ होतात. आकाशाच्या निळाईत किंवा संध्याकाळच्या उजेडात रंग ओढूनताणून बदलला, की आठ बिटमध्ये पट्टे दिसू लागतात. दहा बिटमध्ये तेवढी ओढाताण सोसते. ज्याचा कॅमेरा दहा बिटमध्ये आणि ‘लॉग’ पद्धतीने, म्हणजे मुद्दाम फिकट ठेवून, चित्रण करतो, त्याला रंगदुरुस्तीची गंभीर साधने आणि उजेडाची पातळी दाखवणारे आलेख लागतातच. फोनवर नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या चित्रणाला ती बहुधा लागत नाहीत. मात्र घरगुती सॉफ्टवेअरमधल्या आपोआप रंगदुरुस्तीवर डोळे मिटून विसंबू नये. हळदीच्या कार्यक्रमातला पिवळा रंग हा दोष आहे असे समजून ती निळसर छटा मिसळू पाहते आणि नवरीचा चेहरा निस्तेज होतो.

आवाजाच्या बाबतीत घरगुती सॉफ्टवेअर पुष्कळ सुधारले आहे. निवेदन सुरू होताच पार्श्वसंगीत आपोआप खाली आणणे आता अनेक साध्या सॉफ्टवेअरमध्ये होते. रिझॉल्व्हचा ‘फेअरलाइट’ विभाग त्याच्या कितीतरी पुढे जातो : गोंगाट कमी करणे, वारंवारितेनुसार आवाज घडवणे, प्रसारणाच्या मापदंडानुसार पातळी मोजणे हे सारे तिथे आहे. पण ढोल-ताशाचा आवाज चित्रणाच्या वेळीच फाटला असेल, तर तो पूर्णपणे दुरुस्त करणारे साधन कोणत्याच वर्गात नाही. तिथे आधी चांगला मायक्रोफोन घ्यावा.

व्यावसायिक सॉफ्टवेअरचा मोठा भाग एकत्र काम करणाऱ्यांसाठी असतो. ध्वनिसंयोजकाला, रंगतज्ज्ञाला किंवा दुसऱ्या संकलकाला टाइमलाइन, म्हणजे तुकड्यांची रचलेली मांडणी, पाठवण्याच्या त्या सोयी. एकट्याने काम करणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, आणि त्यांच्यासाठी पैसे मोजण्याचेही कारण नाही.

हौशी संकलकांची सर्वाधिक चुकीची खरेदी एका वेगळ्याच अडचणीतून होते. फोनचे चित्रण टाइमलाइनवर टाकले की ते अडखळत चालते. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो आणि अधिक महागडे आणले जाते. अडखळणे तसेच राहते. कारण फाइलच्या रचनेत आहे. फोन आणि बहुतेक लहान कॅमेरे एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने चित्रण दाबून साठवतात. त्यात प्रत्येक चित्र पूर्ण नसते. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि त्यांच्या मधल्या चित्रांत फक्त बदल नोंदलेले असतात. एखाद्या जागी कट द्यायचा, तर तिथले चित्र उभे करण्यासाठी आजूबाजूची अनेक चित्रे उलगडावी लागतात. जुन्या प्रोसेसरला हे झेपत नाही. यावर उपाय प्रॉक्सीचा : त्याच चित्रणाच्या हलक्या प्रती करायच्या, त्यांच्यावर संकलन करायचे आणि एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअरने मूळ फाइल वापरायची. रिझॉल्व्ह आणि प्रीमियरप्रमाणेच ‘केडेनलाइव्ह’ आणि ‘शॉटकट’ या मुक्त, विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही प्रॉक्सी आहे. चार-पाच वर्षे जुना लॅपटॉप असणाऱ्याने बाकी सगळे सोडून आधी ही सोय आहे का ते पाहावे.

फोनच्या चित्रणात आणखी एक खोच असते. कॅमेरा सेकंदाला ठरावीक २५ किंवा ३० चित्रे घेतो. फोन उजेड आणि तापमान पाहून ही संख्या थोडी कमीजास्त करत राहतो. लांबलचक भाषणाचे चित्रण काही सॉफ्टवेअरमध्ये टाकले की म्हणूनच सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात आणि शेवटाकडे सुटत जातात. ‘हँडब्रेक’ या विनामूल्य साधनाने आधी चित्रसंख्या स्थिर करून घेतली, की हा त्रास संपतो. शॉटकट अशी फाइल ओळखून रूपांतराची तयारी स्वतःहून दाखवते, आणि नवख्यासाठी ही फार मोलाची मदत आहे.

जागेचा हिशेबही आधीच करावा. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने घेतलेले एक तासाचे चित्रण सुमारे ४५ गिगाबाइट होते. लग्नाचे दोन दिवस किंवा एखादा ट्रेक कॅमेऱ्यात भरला, की लॅपटॉपची डिस्क पाहता पाहता संपते. वेगळी एसएसडी डिस्क घेणे हे बऱ्याच वेळा सशुल्क सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते. रिझॉल्व्ह वापरायचे तर बरी ग्राफिक्स क्षमता आणि १६ गिगाबाइट मेमरी असलेली बरी. त्याहून कमी असेल, तर शॉटकटसारखे हलके सॉफ्टवेअर सुखाचे.

मराठी वापरणाऱ्यांसाठी कसोटीचा खरा मुद्दा आहे देवनागरी शीर्षकांचा. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते पण लिहिताना आधी दिसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. ज्या सॉफ्टवेअरला ही जुळणी येत नाही, तिथे वेलांटी भलतीकडे जाते आणि हलन्त उघडे पडते. सॉफ्टवेअर महाग असले म्हणून हे आपोआप सुटत नाही. प्रीमियरमध्ये ग्राफिक्सच्या पसंतींत जाऊन अक्षरांसाठी दक्षिण आशियाई व मध्यपूर्वेच्या लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो; तो निवडला नाही, तर पत्रिकेवरचे ‘श्री’देखील बिघडू शकते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्षितिज’, ‘कीर्ती’, ‘विठ्ठल’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ हे शब्द टंकून पाहिले, की दोन मिनिटांत निकाल लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटची वाट न धरता मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेले ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ असे विनामूल्य युनिकोड फाँट वापरावेत. तेही जमले नाही, तर शीर्षक चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून टाइमलाइनवर ठेवता येते.

फोनवरची ‘इनशॉट’ आणि ‘काइनमास्टर’सारखी ॲप छोट्या उभ्या चित्रफितींसाठी सरस आहेत. फुकट आवृत्तीत वॉटरमार्क उमटतो आणि दहा-पंधरा मिनिटांपलीकडच्या कामाला बोट आणि पडदा दोन्ही अपुरे पडू लागतात.

वर्गणीचा प्रश्न वेगळा विचारात घ्यायला हवा. ॲडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या वर्गणीवर देण्यास सुरुवात केली. वर्गणी थांबली, की प्रीमियर चालत नाही आणि अर्धवट राहिलेला प्रकल्प त्यात उघडत नाही. वर्षातून दोन-तीनदा संकलन करणाऱ्याला हा व्यवहार परवडत नाही. प्रकल्पाच्या फाइलवर तसाही फार भरवसा ठेवू नये : २०११ चे नवे फायनल कट स्वतःच्याच मागच्या आवृत्तीचे प्रकल्प उघडत नव्हते, आणि मूव्ही मेकर २०१७ मध्ये मागे घेतले गेले. आजीआजोबांच्या आठवणी, गावची जत्रा, मुलांचे वाढदिवस यांचे मूळ चित्रण आणि पूर्ण झालेली एमपी-४ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर जपली पाहिजे. पुढच्या पिढीला तेच उघडता येईल.

महाराष्ट्रातल्या लग्नचित्रणाच्या व्यवसायात, जिथे संकलनाला ‘मिक्सिंग’ म्हणण्याचा प्रघात आहे, ‘एडियस’ हे सॉफ्टवेअर बरेच दिसते. जवळच्या मित्राला किंवा ओळखीच्या स्टुडिओवाल्याला जे येते ते घेणे हाही रास्त निकष आहे, कारण पहिल्या महिन्यात अडचणी सॉफ्टवेअरपेक्षा विचारायला कोणी नसल्यामुळे मोठ्या होतात.

एकाच फोनवर चित्रण आणि घरच्यांपुरता प्रेक्षक असेल, तर संगणकाबरोबर आलेले आयमूव्ही किंवा क्लिपचॅम्प पुरे. अनेक कॅमेरे किंवा गंभीर ध्वनिकाम असेल, तर रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्यावी. ती अल्ट्रा एचडी आकारात सेकंदाला ६० चित्रांपर्यंत एक्स्पोर्ट करते आणि वॉटरमार्क लावत नाही. लिनक्सवर मात्र तिला फोनच्या नेहमीच्या एच.२६४ फाइल वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे केडेनलाइव्ह बरे. प्रीमियरची वर्गणी ज्याला इतरांबरोबर काम करायचे आहे किंवा पुढे याच व्यवसायात जायचे आहे त्यानेच भरावी. पैसे देण्याआधी स्वतःच्या कॅमेऱ्यातले पाच मिनिटांचे चित्रण घेऊन, मराठी शीर्षक लावून, पार एक्स्पोर्टपर्यंत नेऊन पाहावे. त्यासाठी फायनल कट ९० दिवस आणि प्रीमियर सात दिवस विनामूल्य वापरून पाहता येते.