मधुमेहींचा कर्णशूल : कवटीच्या तळाच्या अस्थिशोथाची पूर्वसूचना

कर्णशूलाचा रुग्ण आपणा सर्वांच्या चिकित्सालयात नित्य येतो व बहुधा कर्णपूरणाने त्यास उपशय मिळतो. तथापि वृद्ध मधुमेही रुग्णाचा कर्णशूल या गणतीत धरू नये, हे आम्ही अनुभवाने शिकलो. अशा एका रुग्णास आम्ही बिल्व तैल दिले. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा मुख वाकडे झाले होते आणि अर्दित समजून अन्यत्र नस्य सुरू होते. प्रत्यक्षात संसर्ग कवटीच्या तळाच्या अस्थीपर्यंत पोहोचला होता.

सुश्रुतांनी उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले आहेत. त्यांपैकी कर्णशूल, कर्णपाक व पूतिकर्ण यांची लक्षणे या व्याधीत अंशतः आढळतात. मधुमेहींचे व्रण कष्टाने भरतात, हे सुश्रुतमतही येथे लागू पडते. चँडलर यांनी १९६८ मध्ये या व्याधीस ‘मॅलिग्नंट एक्स्टर्नल ओटायटिस’ हे नाव दिले. मात्र हा कर्करोग नव्हे. बहुधा स्यूडोमोनास हा जंतू बाह्य कर्णमार्गाच्या कूर्चेतील फटींतून शंखास्थीत शिरतो व पुढे कवटीच्या तळाशी पसरतो.

निदानार्थ पुढील लक्षणे पाहावीत : रात्री वाढणारा, झोपमोड करणारा तीव्र शूल, न थांबणारा स्राव, कर्णमार्गाच्या तळाशी, कूर्चा व अस्थी यांच्या संधीवर मांसांकुर. कर्णपटल बहुधा अक्षत असते. मुखवक्रता, स्वरभेद वा गिळण्यास त्रास ही चेता बाधित झाल्याची चिन्हे होत. मधुमेहीत कर्णशूलासह मुखवक्रता आढळल्यास केवळ अर्दित समजून थांबू नये.

अशा रुग्णास कर्णपूरण वा कर्णधावन न करता त्वरित कर्णतज्ज्ञांकडे पाठवावे. ई.एस.आर., रक्तशर्करा, स्रावाचे कल्चर, सी.टी. व एम.आर.आय. आवश्यक ठरतात. आरंभी सी.टी. निर्दोष दिसू शकतो. कर्करोग व बुरशीचा संसर्ग वगळण्यासाठी मांसांकुराची बायॉप्सी करतात. कल्चरनुसार प्रतिजैविके सामान्यतः किमान ६ ते ८ आठवडे द्यावी लागतात. शूल थांबला म्हणजे अस्थी बरी झाली असे नव्हे, हे रुग्णास बजावून सांगावे.

या काळात पथ्यपालन व शर्करानियंत्रण यांत आपले साहाय्य मोलाचे आहे. मात्र एक दक्षता घ्यावी. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असता कॅल्शियम, लोह व जस्त यांमुळे त्याचे शोषण घटते. म्हणून अस्थिपोषणाच्या हेतूने प्रवाळ, शंख, मंडूर वा यशद भस्म त्याच वेळी देऊ नये. ही गोळी अशा औषधांच्या किमान २ तास आधी वा ६ तास नंतर घ्यावी. केवळ दुधासोबतही ती घेऊ नये.

औषधी विक्रेत्या बंधूंनीही कानाचे तेल देण्यापूर्वी ‘मधुमेह आहे काय? दुखणे रात्री वाढते काय?’ हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. आम्ही ते त्या रुग्णास पहिल्याच दिवशी विचारले असते, तर त्याचे तीन आठवडे वाया गेले नसते.