टेम्सचा हरवलेला प्राणवायू

१८५५ सालच्या जुलै महिन्यात विख्यात शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे टेम्स नदीतून आगबोटीने जात असता त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे ओले करून प्रत्येक धक्क्यापाशी पाण्यात सोडले, आणि लख्ख उन्हातसुद्धा ते इंचभर बुडतात न बुडतात तोच दिसेनासे झाले, ही हकीकत त्यांनी ‘टाइम्स’ पत्रास कळविली. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधीमुळे पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजविण्याची पाळी आली, तेव्हा कोठे दीर्घकाळ रेंगाळलेल्या भुयारी गटारांच्या योजनेला मंजुरी मिळाली.

जोसेफ बॅझलजेट यांनी बांधलेल्या त्या गटारांनी लंडनची पटकीच्या साथींतून सुटका केली, हे त्यांचे ऋण थोर आहे. परंतु मैला शुद्ध करण्याची तजवीज त्या योजनेत नव्हती. शहराच्या पूर्वेस बार्किंग व क्रॉसनेस येथे तो ओहोटीच्या वेळी नदीत सोडला जाई आणि भरतीबरोबर त्यातला पुष्कळसा माघारी येई. ३ सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही उतारूंची आगबोट त्याच टापूत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे त्या मैलपाण्यात प्राणास मुकली. त्यानंतर घनमैला वेगळा काढून जहाजांनी समुद्रात नेऊन टाकण्याचा उपाय १८८७ पासून अमलात आला.

तथापि नदीचा खरा घात डोळ्यांना दिसणाऱ्या घाणीपेक्षा न दिसणाऱ्या प्राणवायूच्या ऱ्हासाने होतो. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. मैला खाणारे जंतू तो भराभर वापरतात, आणि पृष्ठभागावरून हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो अगदी सावकाश. म्हणूनच प्राणवायूचा नीचांक गटाराच्या मुखाशी आढळत नाही, तो प्रवाहाबरोबर काही कोस खाली आढळतो, आणि जेथे पाणी वरवर पाहता निवळलेले वाटते तेथेच मासे गुदमरतात. अमेरिकेतील ओहायो नदीचा अभ्यास करून स्ट्रीटर व फेल्प्स यांनी १९२५ साली या जमाखर्चाचे गणित मांडले. टेम्समध्ये तर भरती-ओहोटी तेच पाणी मागेपुढे हेलकावत ठेवी; १९५७ च्या पाहणीत क्यूपासून ग्रेव्हसेंडपर्यंत ईल वगळता माशांचा मागमूस लागला नाही.

यावरचा उपाय मात्र इंग्लंडातच १९१४ साली हाती आला होता. मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी बाटलीतल्या सांडपाण्यात हवा सोडली. पहिल्या खेपेस ते पुरते शुद्ध होण्यास सुमारे पाच आठवडे लागले, परंतु तळाशी बसलेला गाळ फेकून न देता त्यावर त्यांनी नवे सांडपाणी ओतीत नेले, तसतसा हा अवधी घटत जाऊन अखेर तासांवर आला. त्या तपकिरी गाळात अब्जावधी भुकेले जंतू पोसलेले होते. जे काम नदीने आपला प्राणवायू गमावून करावयाचे, ते त्यांनी टाकीतच उरकले. लंडनच्या केंद्रांची या रीतीने पुरेशी वाढ झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि १९७४ साली टेम्समध्ये पुन्हा सामन मासा मिळाला.

याच प्रयोगांना प्रेरणा देणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आपल्या उष्ण प्रदेशात ही विद्या अधिकच निकडीची आहे, कारण तीस अंशांच्या पाण्यात प्राणवायू साडेसात मिलिग्रॅमच मावतो आणि जंतूंची भूक मात्र उष्म्याने वाढते. एखाद्या नगरपालिकेने टाक्या बांधल्या, पण विजेचे बिल वाचविण्यासाठी हवा सोडणारी यंत्रे रात्रभर बंद ठेवली, तर तो पोसलेला गाळ टाकीतच गुदमरू लागतो आणि सकाळी नदीत जाणारे पाणी पुन्हा तिच्याच प्राणवायूवर जगू पाहते.