पडद्याआडची अक्षरे

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. दादाची इमारत पुनर्विकासाला निघाली आणि वहिनींनी माळा आवरायला घेतला. तांब्याचा बंब, पुतणीचा पाळणा, जुने दिवाळी अंक असे एकेक खाली उतरले आणि सगळ्यात शेवटी चादरीत गुंडाळलेली एक जड पेटी आली. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे धूड भंगारात देऊ का? उचलायला दोन माणसं लागतात."

ते धूड म्हणजे दादाचा पीसी-एक्सटी संगणक. १९८९ साली एका कचेरीतून निघालेला हा संगणक दादाने घेतला, तेव्हा आमच्या घरात फ्रीजसुद्धा नव्हता. बँकेतून आल्यावर जेवण उरकून तो त्याच्यासमोर बसायचा आणि पुस्तकात बघून बघून पास्कल भाषेत प्रोग्रॅम लिहायचा. त्यातलाच एक पुतणीसाठी होता. कळ दाबली की पडद्यावर एक अक्षर सावकाश, आपण पाटीवर गिरवतो तसे, रेघेरेघेने उमटायचे आणि पुरे झाले की 'टुंग' असा आवाज यायचा. १९९१ साली चार वर्षांची पुतणी 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत त्यावरच शिकली.

दादाला जाऊन आता सहा वर्षे झाली. पेटीसोबत एक मोठी, लवचिक फ्लॉपी निघाली. तिच्यावर त्याच्या हस्ताक्षरात लिहिले होते, 'अक्षरओळख – शेवटची'. पुतणीचा मुलगा यंदा चार वर्षांचा झाला आहे. ती म्हणाली, "काका, भंगारात द्यायच्या आधी एकदा सुरू करून देशील का?"

मला वाटले, त्यात काय? वीज जोडायची आणि बटण दाबायचे. प्रत्यक्षात या खटाटोपात दोन महिने गेले, आणि संगणकाच्या पडद्यावर चित्र दिसणे ही किती जणांच्या संगनमताची गोष्ट असते हे पहिल्यांदा कळले.

हे संगनमत तिघांचे असते. प्रोग्रॅम चित्र काढतो. संगणकाच्या पोटातले ग्राफिक्स कार्ड ते चित्र आपल्या स्मृतीत धरते आणि सेकंदाला कित्येक वेळा मॉनिटरकडे पाठवते. मॉनिटर ते दाखवतो. आज या तिघांमध्ये विंडोजसारखी प्रणाली मध्यस्थ असते, म्हणून आपल्याला काही कळत नाही. त्या काळी असा मध्यस्थ बहुधा नसे. प्रोग्रॅम थेट एका विशिष्ट कार्डाशी त्याच्याच भाषेत बोलायचा. कार्ड बदलले की बोलणे खुंटले.

कार्डेही नाना तऱ्हेची. १९८१ साली आयबीएमने पीसी आणला तेव्हा त्यासाठी दोन कार्डे होती. एमडीए फक्त अक्षरे दाखवायचे आणि तीसुद्धा चिपमध्ये कायमची कोरलेली २५६ चिन्हे. सीजीए चित्रे काढायचे, पण ३२० बाय २०० ठिपक्यांत चार रंग किंवा ६४० बाय २०० ठिपक्यांत दोन. पुढे १९८४ मध्ये ईजीए आणि १९८७ मध्ये व्हीजीए आले. यांच्या मध्ये, १९८२ साली, हर्क्युलिस नावाचे एक कार्ड आले होते. दादाच्या संगणकात तेच होते.

या कार्डाची जन्मकथा मराठी माणसाला जवळची वाटावी अशी आहे. ते तयार करणारा व्हान सुवन्नुकूल मूळचा थायलंडचा. त्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता, आणि एमडीएच्या त्या कोरीव चिन्हांत थाई अक्षरे कुठून असणार? मग त्याने असे कार्ड बनवले, की अक्षर हेच चित्र मानून ठिपक्याठिपक्याने काढता यावे. ७२० बाय ३४८ ठिपके, एकाच रंगात, पण रेखीव. आपल्या देवनागरीचीही अडचण नेमकी तीच होती. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' कार्ड त्यावरचे आपले उत्तर होते. ते दादाच्या खिशाला झेपणारे नव्हते. म्हणून त्याने आलेखाच्या वहीत चौकोन काळे करून एकेक अक्षर स्वतःच आखले.

असो. दादाचा मॉनिटर केव्हाच भंगारात गेलेला. मी जुन्या बाजारातून तसाच नऊ पिनांचा एक मॉनिटर पैदा केला आणि सगळा संसार घेऊन तापकीर गल्लीजवळच्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. त्यांनी वीजपुरवठ्याची पेटी उघडून तपासली, धूळ उडवली आणि मी मॉनिटरची केबल जोडू लागताच माझा हात धरला.

"साहेब, खाच जुळली म्हणून सोयरीक जुळत नाही. हा सीजीएचा रंगीत मॉनिटर आहे, तुमचं कार्ड एकरंगी. जोडलात तर धूर निघेल."

जोडणी दोघांची नऊ पिनांचीच, पण एकरंगी कार्ड सेकंदाला सुमारे अठरा हजार आडव्या रेघा पाठवते आणि सीजीएचा मॉनिटर सुमारे पावणेसोळा हजार रेघांसाठी बांधलेला असतो. न झेपणारा वेग माथी मारला, तर आतली विद्युत्-मंडले जळू शकतात.

जुळणारा मॉनिटर काही मिळेना. मेकॅनिकांनी तोडगा काढला. त्यांच्याकडे एक्सटीच्या आखूड खाचेत चालणारे व्हीजीए कार्ड होते. हर्क्युलिस काढून ते बसवले, मदरबोर्डावरचे पाच आणि सहा क्रमांकाचे इवलेसे स्विच 'ऑन' केले आणि पंधरा पिनांचा व्हीजीए मॉनिटर जोडला. खरखर करत यंत्र जागे झाले. फ्लॉपी वाचली गेली! मी प्रोग्रॅमचे नाव टाइप करून एंटर दाबले.

काही नाही. पडद्यावर तीच जुनी ओळ. पुतणी शेजारी उभी होती, तिचा चेहरा उतरला. मी चाळा म्हणून एक कळ दाबली. क्षणभराने आवाज आला, 'टुंग'. दुसरी कळ, पुन्हा 'टुंग'. पुतणीने माझा दंड घट्ट धरला.

प्रोग्रॅम चालू होता. अक्षरामागून अक्षर काढत होता. फक्त ती सारी तो हर्क्युलिसच्या स्मृतीच्या पत्त्यावर धाडत होता आणि त्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हते. माणूस गेल्यावरही त्याच्या नावाने पत्रे येत राहावीत, तसा प्रकार.

मेकॅनिक म्हणाले, "मूळ मॉनिटरच्या नादी लागू नका. प्रोग्रॅम लॅपटॉपवर घ्या." केबल लावून, सिरियल पोर्टातून तो लॅपटॉपवर उतरवला. जेमतेम चाळीस केबीचा. आज फोनवरच्या एका फोटोत असे पन्नास तरी मावतील. डॉसबॉक्स नावाचा मोफत प्रोग्रॅम जुन्या पीसीचे सोंग आणतो आणि कोणत्या कार्डाचे सोंग घ्यायचे हेही त्याला सांगता येते. 'हर्क्युलिस' असे सांगितले आणि 'अ' झटक्यात उमटला!

पण पुतणी म्हणाली, "बाबांचं अक्षर असं नव्हतं." खरेच, अक्षरे वरून कोणी दाबल्यासारखी बसकी दिसत होती आणि गिरवण्याऐवजी एका क्षणात उमटत होती. वेगाचे कारण सोपे होते. दादाने प्रत्येक रेघेनंतरचा थांबा त्या मंद यंत्राच्या गतीवर बेतला होता. सोंगाड्याची गती उतरवली की झाले. बसकेपणाचे कोडे सुटेना. शेवटी ती आलेखाची वही काढली. तिच्यातही सगळी अक्षरे बसकीच होती आणि समासात दादाची टीप, 'ठिपका दीडपट उंच. म्हणून अक्षर आखूड काढणे.'

हर्क्युलिसचे ७२० बाय ३४८ ठिपके जुन्या, चारास तीन प्रमाणाच्या पडद्यावर पसरले की प्रत्येक ठिपका रुंदीच्या दीडपट उंच होतो. लॅपटॉपचा ठिपका मात्र चौकोनी. डॉसबॉक्समध्ये प्रमाण दुरुस्त करण्याची सोय आहे. ती सुरू केली आणि अक्षरे ताठ उभी राहिली. पुतणी काही बोलली नाही. तिने मुलाला मांडीवर घेतले आणि त्याचे बोट पडद्यावरच्या रेघेमागून फिरवू लागली. वहिनी दारात उभ्या राहून 'टुंग' ऐकत होत्या.

प्रोग्रॅम फ्लॉपीने जपला, पण त्याला दृष्टी दिली ती वहीतल्या एका ओळीने. आपल्या घराघरांत अशा तबकड्या पडून आहेत. कुणाची लग्नपत्रिका, कुणाच्या आजोबांचे आत्मचरित्र, कुठल्या मंडळाची स्मरणिका. त्यांच्या नुसत्या प्रती काढून भागत नाही. जुन्या डीटीपीतला मराठी मजकूर त्याच्या फाँटशिवाय उघडला, तर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. म्हणून कोणता संगणक, कोणते कार्ड, कोणता प्रोग्रॅम, कोणता फाँट, एवढे चार शब्द कागदावर लिहून सोबत ठेवा. ज्यांना ते ठाऊक आहे ती माणसे आहेत तोवर विचारून घ्या.

ते धूड मेकॅनिकांकडेच राहिले. त्यांना सुट्या भागांसाठी हवे होते. हर्क्युलिस कार्ड मात्र मी परत आणले. पुतणीच्या कपाटात वहीशेजारी ते ठेवले आहे, आणि त्याला एक चिठ्ठी बांधली आहे. ती मी हाताने लिहिली आहे.